मनात दोन मोजायचे

ओत्सुजिमा, ११ जून

ओरिएताई,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी देतो, म्हणजे वाद मिटेल.

शाळेच्या दारातले बुटांचे कप्पे, अठ्ठेचाळीस, देवदाराच्या लाकडाचे, एकही खिळा नाही. पोहण्याच्या तलावाची गाळणी. तासांच्या घंटेचा टायमर, बाद झालेल्या भाताच्या कुकरमधल्या घड्याळावर चालणारा. सहा वर्षांत अकरा सेकंद मागे पडला. तिसरीतल्या डावखुऱ्या मुलीसाठी उजवीकडून उघडणारं बाक. पाऊस मोजायचं भांडं. सुमिएचं शिवणाचं टेबल. आणि मुलांच्या टॅबलेटांचं चार्जिंगचं कपाट, एकेचाळीस खणांचं, प्रत्येक खणाला मागून हवेसाठी बारा मिलिमीटरची दोन भोकं. शिक्षण मंडळाने पाठवलेलं तयार कपाट उन्हाळ्यात इतकं तापायचं की वर मांजर येऊन झोपायचं.

हे सगळं पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाने केलं, वाचनालयातली पुस्तकं वाचून आणि बिघडलेल्या वस्तू उघडून. आजीच्या तेराव्या वर्षाच्या स्मरणविधीला, जेवणाच्या पंक्तीत, सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "तोकुझो, तू शाळेत नळ दुरुस्त करतोस. वर्गातल्या यंत्रांचं तुला काय कळणार?" मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तोंडात तळलेली वांगी होती.

वर्गातल्या यंत्रांचं मला कळतं. तुला काय अडलंय ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू शिकवायला लागतेस.

तोकुझो


ओमिया, २५ जून

प्रिय तोकुझो,

हायड्रेंजिया भरात आल्या आहेत, शाळेच्या कुंपणाला निळा रंग चढलाय. (पत्राच्या सुरुवातीला ऋतूचं एक वाक्य लिहितात. पुढच्या वेळी लिही. बावीस वर्षं सांगतेय.)

पंक्तीत बोलले ते चुकलंच. पण त्या दिवशी मी चिडलेली होते, आणि तुझ्यावर नव्हते. सुमिए माझी सख्खी बहीण, पण तिलाही सांगितलेलं नाही ते तुला, तिच्या नवऱ्याला, सांगते.

आमच्या नव्या मुख्याध्यापिका ओचि बाई वयाने माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. एप्रिलमध्येच त्यांनी चहा देऊन मला बसवलं आणि फार गोड शब्दांत सांगितलं. चौदा नोव्हेंबरला आमच्या शाळेत खुला पाठ आहे. मंडळाचे लोक आणि आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक वर्गात मागे उभे राहून बघणार आणि नंतर तासभर त्यावर बोलणार. पाचवीचा गणिताचा पाठ माझा. मुलांनी टॅबलेटवर काम करायचं आणि मी ते पडद्यावर मांडायचं. "पुढच्या वर्षी वर्ग कुणाला द्यायचे हे ठरवताना याचा उपयोग होईल," असं म्हणाल्या. म्हणजे जमलं नाही तर माझा वर्ग जाणार. वाचनालय सांभाळायचं आणि कुणी रजेवर असेल तिथे उभं राहायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तोकुझो. चौतीस वर्षं दर एप्रिलला मला हजेरीपटावर नवी नावं मिळाली आहेत. शेवटची दोन वर्षं नावांशिवाय काढायची नाहीत मला.

आणि ते यंत्र मला जुमानत नाही. मी दाबते, काही होत नाही. मुलं दाबतात, होतं. प्रशिक्षणातला पोरगा म्हणत होता, "बाई, हळूच. अजून हळूच." किती हळूच? मांजराला गोंजारतात त्याहून हळू दाबत होते मी. मग तो म्हणाला, "सवय होईल." ज्या आवाजात मी ढ मुलांच्या आयांना सांगते, त्याच आवाजात.

तुझी,
ओरिए


ओत्सुजिमा, ३ जुलै

ओरिएताई,

ऋतू: पाऊस. गळती दोन ठिकाणी, दोन्ही बंद केल्या.

सोबत सतरा पायऱ्यांची कृती लिहून पाठवतो आहे. आमच्या शाळेतल्या टॅबलेटवर प्रत्येक पायरी तीनदा करून पाहिली आहे. तू बहुतेक नखाने दाबतेस. पंचावन्न ते साठ वयाच्या बायका नखाने दाबतात, हे मी आमच्या गोदा बाईंच्या बाबतीत पाहिलं आहे. पायरी चार नीट वाच. रोज वीस मिनिटं सराव. वाद्यासारखंच आहे ते, बोटांना शिकवायचं असतं.

यंत्र कुणाला जुमानायचं आणि कुणाला नाही असं ठरवत नाही. चूक नेहमी माणसाची असते.

तोकुझो


ओमिया, ८ सप्टेंबर

प्रिय तोकुझो,

दिवसा अजून उकडतं, पण संध्याकाळी रातकिडे सुरू झाले आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्र लिहिलं नाही, रागावू नकोस. तुझ्या सतरा पायऱ्या फ्रिजवर लावल्या होत्या. जावयाने वाचून विचारलं, "हे बॉम्ब निकामी करायचं आहे का?"

आता बातमी चांगली आहे. जमलं. दुसरं सत्र सुरू झाल्यापासून जमतंय. गणिताच्या तासाला माझ्यासोबत शिगेमात्सु सर असतात, सव्वीस वर्षांचा मुलगा आहे, मागे बसून अडलेल्या मुलांना मदत करतो. त्यानेच धीर दिला. म्हणाला, "बाई, घाई करू नका. बोट ठेवायचं, उचलायचं, मनात दोन मोजायचे. यंत्राला विचार करायला वेळ द्यायचा." आणि खरंच. मी बोट ठेवते, एक, दोन, आणि मुलांचे त्रिकोण समोरच्या मोठ्या पडद्यावर सरकतात. परवा मी सात मुलांचे त्रिकोण शेजारी शेजारी मांडले, एकही चूक नाही. ओचि बाई दारात उभ्या होत्या, हसल्या.

बुधवारी मात्र अजून धांदल होते. बुधवारी मी थकलेली असते बहुतेक. मंगळवार आणि गुरुवार उत्तम.

नखाने दाबत नव्हते, हे नोंदव.

तुझी,
ओरिए


ओत्सुजिमा, १६ सप्टेंबर

ओरिएताई,

ऋतू: नाशपाती पिकली, दोन सुमिएच्या हातच्या पिशवीत पाठवल्यात.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग मुलं घरी गेल्यावर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सहा टॅबलेटांवर प्रत्येकी चाळीस वेळा बोट ठेवून बघितलं. चित्र लगेच हलतं, नाहीतर हलतच नाही. नेट मंद असेल तेव्हा थांबतं, पण मग कधी एक मोजेपर्यंत, कधी पाच. नेमके दोन मोजून हलणारं यंत्र या जगात नाही. दोन मोजतो तो माणूस.

आता मला तीन गोष्टी सांग. तुझ्या पडद्यावर जे दिसतं तेच शिगेमात्सु सरांच्या टॅबलेटवरही उघडतं का? ते मागे बसतात तेव्हा त्यांच्या मांडीवर टॅबलेट असतो का? आणि बुधवारी ते कुठे असतात?

मला उत्तरं माहीत आहेत असं वाटतं. पडदा तू हलवत नाहीस, ताई. ते हलवतात.

हे लिहू नको असं सुमिए म्हणाली. "झाकून ठेवलंय तर राहू दे की झाकलेलं, त्यांनी मायेनेच केलं असेल ना." मी म्हणालो, चौदा नोव्हेंबरला त्या मुलाला ताप आला तर? चौसष्ट डोळे समोर आणि पन्नास मागे असताना ताई बोट ठेवणार, दोन मोजणार, तीन मोजणार. पत्र टाकायला तीच गेली.

तोकुझो


ओमिया, २० ऑक्टोबर

तोकुझो,

ऋतू वगैरे नाही.

तुझं पत्र मिळालं त्याला महिना झाला. पहिले दहा दिवस मी ते खोटं धरून चालले. मग एका मंगळवारी त्रिकोण सरकवायचा म्हणून बोट ठेवलं आणि मुद्दाम उचललंच नाही. नुसतं ठेवून उभी राहिले. एक. दोन. त्रिकोण सरकला. मी मागे बघितलं. शिगेमात्सु सरांचे डोळे मांडीवर होते. आणि बुधवारी ते दुसऱ्या वर्गावर असतात.

तास संपल्यावर त्यांना नकाशांच्या खोलीत नेलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"कुणी सांगितलं?"

नकाशाची सुरळी सरळ करत म्हणाला, "बाई, तुम्हाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून."

"आणि ते दोन मोजणं?"

"तुम्ही बोट ठेवलंत ते मला मागून नीट दिसायचं नाही. अंदाज घ्यायला वेळ लागायचा." मग मान खाली घालून, "मीही दोन मोजायचो."

सांगितलं होतं ओचि बाईंनी, ते मला नंतर कळलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. अकरा माणसं. माझी पाठ वळली की कुणी हसत नव्हतं, उलट मी आत आले की मला चहा आणून देत होते. तेच जास्त लागलं. वर्गातल्या मुलांनाही माहीत होतं का, हे विचारायची हिंमत झालेली नाही.

तू बरोबर होतास. तुला फार आनंद झाला असेल. पत्राच्या चार आवृत्त्या फाडल्या, त्यातल्या दोनमध्ये तुला शिव्या होत्या.

खुल्या पाठातून माझं नाव काढा, असं सोमवारी ओचि बाईंना सांगणार आहे.

ओरिए


ओत्सुजिमा, २२ ऑक्टोबर (जलद टपाल)

ओरिएताई,

सांगू नकोस. आधी एवढं कर.

घरी टॅबलेट घे. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने दहा वेळा दाब, किती वेळा चालतं ते लिही. मग डाव्या अनामिकेने दहा वेळा. हात धुऊ नकोस, क्रीम लावू नकोस.

आनंद झाला नाही. जुलैमधल्या माझ्या पत्रात शेवटचं वाक्य आहे, चूक नेहमी माणसाची असते. ते मी तपासून लिहिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात तलावाच्या काठाला सिमेंट लावलं, तीन दिवस हात चुन्यात होते. चौथ्या दिवशी माझ्याही बोटाला टॅबलेट उत्तर देईना. मी नखाने दाबत नव्हतो.

तोकुझो


ओमिया, २५ ऑक्टोबर

तोकुझो,

उजवं पहिलं बोट: दहापैकी एक. डावी अनामिका: दहापैकी नऊ.

याचा अर्थ काय? आणि आता मी डाव्या अनामिकेने शिकवायचं का?

ओचि बाईंना अजून काही बोलले नाही.

ओरिए


ओत्सुजिमा, २९ ऑक्टोबर

ओरिएताई,

ऋतू: मासळीचा बाजार बरा. सुमिएने तुझी खुशाली विचारलीय.

अर्थ असा. त्या काचेला दाब कळत नाही, कातडीतला ओलावा कळतो. तुझ्या उजव्या बोटात ओलावा उरलेला नाही. चौतीस वर्षं त्याच बोटाने खडू धरलास, त्याच बोटाने फळ्यावरचं पुसलंस. खडूने ते बोट वाळवलं आहे. डावी अनामिका कधी खडूला लागली नाही, म्हणून ती चालते. तुला यंत्र येत नाही असं नाही. तू केलेल्या सतराही पायऱ्या बरोबर होत्या, बोट काचेच्या लेखी तिथे नव्हतंच.

सोबत पेन पाठवतो आहे. काळ्या बांबूचा, लांबी एकशे बेचाळीस मिलिमीटर, आतून तांब्याची नळी, धरायच्या जागी तांब्याची तार गुंडाळली आहे म्हणजे तळहाताचा ओलावा टोकापर्यंत जाईल. टोकाला टॅबलेटवर चालणाऱ्या हातमोज्याचं कापड, सात मिलिमीटर रुंद. पाच मिलिमीटरचं करून बघितलं, काच घेत नाही. माझ्या चुन्याच्या बोटांनी धरून चाळीसपैकी अडतीस वेळा चालला. दुकानातला रबराचा घेऊ नकोस, तीन आठवड्यांत फाटतो.

तोकुझो


ओमिया, १७ नोव्हेंबर

प्रिय तोकुझो,

गिंकोची झाडं पिवळी झाली आणि मैदान झाडून झाडून आमचा सेवक कंटाळला आहे.

पाठ झाला. तुला बारकावे हवे असतात म्हणून सगळं लिहिते.

आधी तुझा पेन. फार सुंदर आहे. आणि वर्गात कामाचा नाही. एका हातात खडू, एका हातात टॅबलेट, पेन ठेवायचा कुठे? दोन दिवसांत तीनदा हरवला, एकदा एका मुलीच्या दप्तरात सापडला. आता मी तो अंबाड्यात खोचते. सगळ्या बाया विचारतात कुठून आणला.

मार्ग दाखवला आमच्या ऑफिसातल्या नीइ बाईंनी. मी त्यांच्या टेबलापाशी बसून तुझ्या पत्रातलं बोटाचं वाचून दाखवत होते. त्यांनी त्यांच्यासमोरची डबी माझ्याकडे सरकवली. पोस्टात, बँकेत नोटा मोजताना बोट ओलं करायला गोल डबीत ओला स्पंज असतो ना, ती. बोट टेकवलं, काचेवर ठेवलं. दहापैकी दहा. नीइ बाई म्हणाल्या, "कागद मोजून मोजून माझी बोटं तशीच झालीत. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." हे ऐकून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय. चिडला असशील तर दूध पी, राग उतरतो.

चौदा तारखेला एकोणतीस पाहुणे मागे उभे होते. शिगेमात्सु सर नेहमीच्या खुर्चीवर, टॅबलेट बंद करून समोरच्या बाकावर ठेवलेला, हात गुडघ्यांवर. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

मी डबी टेबलावर ठेवली आणि मुलांना म्हटलं, "या काचेला बाईंचं बोट कळत नाही. खडूने वाळलंय. म्हणून बाई बोट ओलं करणार. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या." कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, मग शिगेमात्सु सर आता हलवणार नाहीत का?"

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. बत्तीस मुलं, सप्टेंबरपासून, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. "नाही, आजपासून मी," एवढंच म्हटलं आणि फळ्यावर त्रिकोण काढला.

पाठ काही फार बहारीचा झाला नाही. समांतरभुज चौकोनापाशी चार मिनिटं जास्त गेली. एकदा दोन त्रिकोण एकावर एक बसले आणि सुटेनात, मुलांनीच सांगितलं कसे सोडवायचे. पण जे सरकलं ते मी बोट ठेवताक्षणी सरकलं. मोजायला वेळच नव्हता.

मग चर्चेचा तास. मंडळाचे तामाइ साहेब चष्मा पुसत म्हणाले, "पाठाच्या आराखड्यात साहित्याच्या यादीत स्पंज लिहिलेला नाही."

मी म्हटलं, "खडूही लिहिलेला नाही, साहेब."

ते म्हणाले, "तो विनोद समजू का?"

तेवढ्यात शिगेमात्सु सर उभे राहिले. कान लाल. म्हणाले, "या पाठापूर्वी सव्वादोन महिने बाईंचा पडदा मागून मी हलवत होतो. ते आराखड्यात नव्हतं. तेही लिहायला हवं होतं." ओचि बाई टेबलाकडे बघत राहिल्या. मग मीच सगळं सांगितलं, तुझं पत्र, सहा टॅबलेट, चाळीस चाळीस वेळा, बुधवार. तामाइ साहेबांनी तुझं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. "शाळेत कोणत्या पदावर आहेत?" मी म्हटलं, "नळ दुरुस्त करतात."

घरी निघताना बुटांच्या कप्प्यांपाशी शेजारच्या शाळेतल्या एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "तो स्पंज कुठे मिळतो?" मी सांगितलं. त्या बूट घालत बराच वेळ वाकूनच होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे मागे एक मुलगी बसते. फार चांगली आहे हो."

वर्गाचं एप्रिलच्या तोंडावर कळेल. ओचि बाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

तुझी,
ओरिए


ओमिया, २७ मार्च

प्रिय तोकुझो,

प्लमची फुलं गळाली, चेरीच्या कळ्या फुगल्यात.

आज ओचि बाईंनी वर्ग वाचून दाखवले. सहावी अ: मी. तीच बत्तीस नावं. यादी हातात देताना म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "मीही सांगायला हवं होतं." एवढंच झालं. मग त्यांनी मला चहा दिला आणि या वेळी मी तो प्यायले.

शिगेमात्सु सरांना स्वतःचा वर्ग मिळाला, तिसरीचा. आमच्या टेबलांवर आता चार डब्या आहेत.

तामाइ साहेबांनी तुझा पत्ता मागितला, दिला. काय काम होतं?

तुझी,
ओरिए


ओत्सुजिमा, २ एप्रिल

ओरिएताई,

ऋतू: चेरी पूर्ण उमलली. तू लिही म्हणतेस म्हणून लिहिलं, आणि उमललीही आहे.

सहावी अ बद्दल सुमिए रडली. मी गाळणी साफ करत होतो.

स्पंजाबद्दल चार महिने काही लिहिलं नाही, आज लिहितो. चाळीसपैकी चाळीस. मी तीन वेगवेगळ्या दिवशी बघितलं. पेनापेक्षा चांगला. आमच्या गोदा बाईंनाही डबी दिली आहे. त्या नखाने दाबत होत्या असं मी म्हणालो होतो, तेही तपासलं. नखाने दाबत नव्हत्या. त्यांची माफी मागितली.

आता तामाइ साहेबांचं काम. मागच्या शनिवारी दहाच्या बोटीने स्वतः आले, सूट घालून, हातात मंडळाच्या शिक्क्याचा कागद. कपाट बघितलं, हवेची भोकं बोटाने मोजली, घंटेचा टायमर बघितला. माणूस वाईट नाही. आडनावाने, आदराने म्हणाले, "काजि-सान, तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही ते आम्ही चालवून घेऊ." हे ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो असं सुमिए नंतर म्हणाली. मी नाकारत नाही.

वर्गातल्या यंत्रांचा मदतनीस म्हणून मला घ्यायचं ठरवलं आहे. बारा शाळा. कामांची यादी वाचली. पहिलं कलम, यंत्रांची देखभाल. दुसरं, शिक्षकांना शिकवणं. तिसरं, जसंच्या तसं उतरवतो: शिक्षकांना अडचण असल्यास वर्गात मागे बसून त्यांच्या वतीने पडदा हाताळणे.

मी म्हणालो, "तिसरं कलम काढा, मी उद्यापासून येतो."

ते म्हणाले, "ते काढता येणार नाही. बऱ्याच शाळांनी तेच मागितलंय. ज्येष्ठ शिक्षकांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून आहे ते."

मी विचारलं, "किती ज्येष्ठ शिक्षकांना विचारलंत?"

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "तुम्ही त्या कलमाखाली काही न करता नुसते बसलात तरी कुणी बघायला येणार नाही."

मी म्हणालो, "मी नुसता बसत नाही."

दोनच्या बोटीपर्यंत त्यांनी समजावलं. सुमिएने त्यांना जेवायला घातलं आणि मध्येच मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "पक्कं ना? आत्ताच्या पगाराच्या दीडपट आहे." मी म्हणालो, पक्कं. ती म्हणाली, "मग नीट सांग, खेकसू नकोस." मी नीट सांगितलं. धक्क्यापर्यंत पोचवायलाही गेलो.

तू विचारलंस म्हणून नोंद करून ठेवतो. बारा शाळा, आठवड्याचे पाच दिवस, तिसऱ्या कलमासह, ते मी नाकारलं. पगार: महिन्याला दोन लाख ऐंशी हजार येन, बोटीचं भाडं वेगळं.

तोकुझो